मागचा शॉक

माझा भाजी चिरायचा बोर्ड काकांनी करवतीने कापला, तेव्हा मला त्यांच्याकडे भाड्याने राहायला येऊन जेमतेम महिना झाला होता. बोर्ड धुऊन जिन्याच्या पायरीवर उन्हात ठेवला होता. ऑफिसातून आले तर अर्धाच उरलेला, आणि त्या अर्ध्यालाही दोन गोल भोकं. घरमालक भाडं वाढवतो, पाणी बंद करतो, पाहुणे मोजतो, हे सगळं मला माहीत होतं. बोर्ड कापणारा घरमालक मी ऐकलाही नव्हता. तावातावाने खाली गेले. काका हॉलमध्ये फरशीवर मांडी घालून बसले होते, समोर एक सायकल उलटी करून ठेवलेली, आणि हातात माझ्या बोर्डाची पांढरी चकती. ती कानसेने घासता घासता त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "वरची, तुझं प्लॅस्टिक चांगलंय. सांध्यात घालायला बुश मस्त होतंय याचं."

धक्का बसला की माझी वाचाही बसते. त्या घरात राहिले तेवढ्या काळात ती पुष्कळदा बसली. दुसऱ्या दिवशी माझ्या दाराशी एक लाकडी पाट ठेवलेला होता, वापरून वापरून मधे खोलगट झालेला. "आतलीला विचारून दिलाय," असं त्यांनी खालूनच ओरडून सांगितलं.

घर नेरूळच्या जुन्या बैठ्या घरांपैकी. खाली काका, वर मागाहून बांधलेली, बाहेरून जिना असलेली माझी खोली. मी कराडकडची, नोकरी बेलापूरला, आणि लग्न न झालेल्या मुलीला कटकट न करता खोली देणारा माणूस मिळाला म्हणून मी खूश होते. काकांची सगळी नोकरी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेली होती. तिथे प्रत्येक वस्तू कुठल्या कप्प्यात आहे यावरून ओळखली जायची, आणि ती सवय त्यांनी माणसांनाही लावली होती. मी वरची. समोरच्या घरातल्या वहिनी समोरची. सोसायटीचे सेक्रेटरी कोपऱ्यावरचे. त्यांची मुलगी पुण्याची. आणि बायको आतली.

आतलीला चहात साखर कमी लागते. आतलीला कुकरच्या शिट्ट्यांचा त्रास होतो. आतली म्हणते, वरच्या मुलीला गच्चीवर कपडे वाळत घालू दे. असं ते येता-जाता बोलायचे. संक्रांतीला मी तिळगुळाचा डबा घेऊन खाली गेले आणि काकूंना भेटते म्हटलं, तर म्हणाले झोपलीये. परत गेले, तेव्हाही झोपलेली. आजारी असतील बिचाऱ्या, असं मी धरून चालले.

मग एकदा पुण्याच्या मुलीचा फोन आला, भाड्याच्या पावतीसाठी. मी सहज विचारलं, काकूंची तब्येत कशी आहे. ती म्हणाली, "आई जाऊन दोन वर्षं होतील आता. लॉकडाऊनमध्ये गेली." मी जिन्यावर उभी होते ती तिथेच खाली बसले. खालच्या उघड्या खिडकीतून आतल्या खोलीचं दार मला तिथून दिसत होतं. त्यावर स्वच्छ धुतलेला पडदा होता.

मुलीने सगळं सांगितलं. आईला दवाखान्यात घेतलं आणि वडिलांना तिथूनच वेगळं ठेवायला नेलं. ते सुटून आले तोवर सगळं आटोपलं होतं, तेही परक्या माणसांच्या हातून. दहावं नाही, तेरावं नाही, कोणी भेटायला आलं नाही, येणार तरी कसं. घरी आल्यावर वडील रडले नाहीत. त्यांनी हॉलमधला सोफा बाहेर काढला आणि सायकल बांधायला घेतली. घरात आईच्या फोटोला हार नाही, कारण फोटोच लावलेला नाही, आणि 'गेली' हा शब्द ते कोणाला काढूच देत नाहीत. मुलीने ठरवलं होतं की उन्हाळ्यापर्यंत वाट बघायची, तोवर सावरले नाहीत तर त्यांना पुण्याला न्यायचं आणि घराला कुलूप लावायचं. काही वाढतंय असं वाटलं तर मला कळव, असं तिने मला बजावलं. काकांनाही हे ठाऊक होतं. पुण्याची मला न्यायला टपलीये, ते म्हणायचे, पण मी हे घर सोडून कुठे जात नसतो, आतलीला तिकडची हवा मानवत नाही. त्या माणसाला जगाकडून एवढंच हवं होतं, त्या घरात राहणं. आणि ते राहणं त्या सायकलीमुळेच धोक्यात आलं होतं.

आता सायकलीविषयी. डोंगरात चालवतात ती जाड टायरची सायकल, तिला पुढे दणके झेलणारा एक शॉक असतो हे मलाही माहीत होतं. काकांना पुढे आणि मागे, दोन्हीकडे शॉक हवा होता. अशी सायकल दुकानात घ्यायची तर पेन्शनीच्या आवाक्यातलं काम नव्हतं, म्हणून त्यांचा नियम असा की नवीन काही आणायचं नाही. सांगाडा शेजारच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडलेल्या एका पोराच्या सायकलीचा. तो लोखंडी होता आणि मागच्या सांध्यात तडकलेला, तो खिडक्यांचे ग्रिल करणाऱ्याकडून वेल्ड करून घेतला. चाकं कळंबोलीच्या भंगारातली, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची. ब्रेकच्या तारा कामोठ्याच्या एका दुकानदाराने फेकायला काढलेल्या. पुढचा शॉक खारघरच्या टेकडीवर रविवारी सायकली उडवणाऱ्या एका कॉलेजवाल्याने दिला, त्याच्या बदल्यात काकांनी घरातला टीव्ही देऊन टाकला. टीव्ही गेल्याचं कळल्यावर पुण्याची मुलगी फोनवर रडली.

शिकले ते सगळं मोबाइलवर व्हिडिओ बघून. व्हिडिओतला गोरा माणूस इंग्रजीत बोलायचा आणि काका त्याला मराठीत उत्तरं द्यायचे. तुझ्याकडे बेअरिंग आहे रे बाबा, आमच्याकडे बोर्ड आहे, असं मोठमोठ्याने चाललेलं मला वर ऐकू यायचं. कधी कधी तो माणूस काकांना पटायचा. मग ते त्याला शाबास म्हणायचे आणि व्हिडिओ बंद करायचे.

खरी मारामार मागच्या शॉकची होती. पुढचा सगळे लावतात, काका म्हणायचे, मागचं कोण बघतं? आधी त्यांनी एका स्कूटरचा शॉक बसवला. तो इतका कडक निघाला की सायकल दगडावरून गेली तरी हलेना. मग नुसती स्प्रिंग लावली, तर सायकल खड्ड्यातून निघाल्यावरही वर-खाली नाचत राहायची. त्यांना हवा भरायचा शॉक पाहिजे होता, आतून तेलाने आवर घालणारा, आणि तो मिळत नव्हता.

शॉक जमला की नाही हे ठरवायची त्यांची रीत मी जन्मात विसरणार नाही. ते डेअरीतून मातीच्या कुंड्यात लावलेलं दही आणायचे आणि तो कुंडा सायकलच्या मागे बांधून नेरूळभर फिरवायचे. खोदलेले रस्ते, स्पीडब्रेकर, स्टेशनमागची खडी, काही सोडायचे नाहीत. घरी आल्यावर फडकं काढून बघायचं. दही मोडलं असेल, पाणी सुटलं असेल, तर शॉक नापास. दही रोज मोडायचं. मोडलेल्या दह्याची कढी व्हायची आणि त्यातली एक वाटी वर यायची. त्या हिवाळ्यात आणि पुढच्या उन्हाळ्यात मी जेवढी कढी प्यायले तेवढी सगळ्या आयुष्यात प्यायले नसेन. कढी वाईट नव्हती हे कबूल केलं पाहिजे, आलं अगदी बेताचं असायचं.

आणि मग ते कॅरियर. डोंगरातल्या सायकलीला कॅरियर नसतं. खारघरचा तो पोरगा एकदा बघायला आला होता, तो हसून हसून बेजार झाला. अंकल, ये क्या दूधवाला मॉडेल है, म्हणाला. काका हसले नाहीत. कॅरियर त्यांनी मागच्या चाकाला न लावता मधल्या सांगाड्याला वेल्ड करून घेतलं होतं, म्हणजे शॉकचा फायदा मागे बसणाऱ्याला व्हावा. त्यावर स्पंजची गादी, तिला निळ्या रेक्झिनचं कव्हर, पाय ठेवायला दोन्हीकडे दांड्या. एकटा राहणारा माणूस, मागे कोणाला बसवणार होता?

ते मला लवकरच कळलं. काका जिन्याखाली येऊन म्हणाले, वरची, तुझं वजन किती? मी भडकले. बाईमाणसाला वजन विचारतात का, असं सुनावलं. ते ओशाळले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "तसं नाही गं. आतली तुझ्याएवढीच आहे. तू जरा मागे बसलीस तर स्प्रिंग किती दबते ते कळेल."

मी बसले नाही. खोलीत जाऊन दार लावलं आणि पुण्याला फोन केला. मुलगी शांतपणे म्हणाली, मी येत्या रविवारी येते. काकांनी तांदळाची पोती गादीला बांधून काम भागवलं.

त्याच आठवड्यात मागचा शॉक मिळाला. हवेचा, तेलाचा, एका अपघात झालेल्या सायकलीचा, कुठल्याशा गॅरेजच्या माळ्यावर पडून असलेला. माझ्या बोर्डाच्या चकत्या त्यात चपखल बसल्या. शनिवारी सकाळी दही फिरवून आणलं. काकांनी फडकं काढून कुंडा मला दाखवला. दह्याचा पृष्ठभाग जसाच्या तसा होता, एक चीर नाही. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं, कारण दुसऱ्या दिवशी पुण्याची मुलगी यायची होती.

आनंद झाला की माणसाला चार लोकांना सांगावंसं वाटतं. काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला. चष्मा सापडत नव्हता म्हणून त्यांनी तो बोलून टाकला आणि न वाचता पाठवला. ते बोलले होते, मागचा शॉक बसला आहे, संध्याकाळी पाच वाजता सर्वांनी घरी यावे, चहा होईल. फोनने लिहिलं, 'मागचा शोक बसला आहे.'

दुसऱ्या कुठल्या घरातून असा मेसेज आला असता तर लोकांनी विचारलं असतं की ही काय भानगड. पण त्या घराचा शोक मागे राहिला आहे, हे सगळ्या गल्लीला दोन वर्षं डाचत होतं. मागचा शोक म्हणजे काय हे कोणालाच विचारावं लागलं नाही.

पाच वाजता मी काकांना मदत म्हणून आधण ठेवायला खाली गेले. दारात पाहते तर माणसं, सगळी पांढऱ्या कपड्यांत. सेक्रेटरी पुढे, हात जोडलेले. मागे बायका, पदर डोक्यावर. समोरच्या वहिनींच्या हातात शेवंतीचा हार आणि छातीशी धरलेली एक तसबीर. कुठल्याशा हळदीकुंकवाच्या गर्दीतल्या फोटोतून एकच चेहरा मोठा करून घेतलेला, जरा धुरकट. मी काकूंना पहिल्यांदा पाहिलं ते असं.

काका बाहेर आले ते पान्हा हातात घेऊन, बोटं ग्रीसने काळी, चेहरा उजळलेला. या या, आत या, म्हणाले. माणसं खाली मान घालून आत आली आणि सायकलीभोवती भिंतीला टेकून बसली. सेक्रेटरींनी घसा साफ केला. आज आपण ज्या कारणाने इथे जमलो आहोत, असं त्यांनी सुरू केलं, आणि काकांनी त्यांना मधेच थांबवून विचारलं, "कोण गेलं?"

सेक्रेटरी माझ्याकडे बघायला लागले. मी तोपर्यंत फोन काढून मेसेज वाचला होता आणि माझ्या सगळं ध्यानात आलं होतं. अहो, चूक झालीये, शॉक म्हणायचं होतं, एवढं बोलले की सुटलं, असं वाटत होतं. जीभ हलली नाही.

बोलल्या त्या समोरच्या वहिनी. त्या उरणजवळच्या मोरा गावच्या. इतकी वर्षं नेरूळमध्ये राहूनही बोली तिकडचीच.

"तुमची बायको गेली, भावजी," त्या म्हणाल्या. "दोन वर्सं झाली. तवा आमी कोनी आलो नाय. आमची दारं बंद व्हती. म्हनून आज आलो हाव."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस ओरडेल, किंवा ती झोपलीये म्हणेल. पान्हा त्यांनी हळूच खाली ठेवला आणि पायजम्याला हात पुसले. मग ते सायकलीच्या गादीवर हात ठेवून बोलायला लागले, आणि कोणाकडे न बघता सगळं सांगून मोकळे झाले. अॅम्ब्युलन्सला फोन लागत नव्हता, रिक्षा बंद होत्या, म्हणून त्यांनी बायकोला आपल्या जुन्या सायकलच्या कॅरियरवर बसवलं होतं. तिचाच पदर आपल्या कमरेला बांधला होता. पाण्याच्या लाइनसाठी रस्ता खणून ठेवलेला. दवाखान्याच्या दारात तिला आत घेतलं आणि त्यांना बाहेर ठेवलं.

"प्रत्येक खड्ड्याला आई गं म्हणत होती," काका म्हणाले. "श्वास नव्हता तिला. तरी म्हणत होती. आजारानं गेली, ते मला कळतं. पण शेवटी तिला मी दणके दिले."

गेली, असं ते म्हणाले. भिंतीला टेकलेल्या माणसांमध्ये कोणीतरी हुंदका दिला, बहुतेक सेक्रेटरींनीच. बोर्ड, दही, माझं वजन, या सगळ्यावर मी ऑफिसात डबा खाताना मैत्रिणींना हसवत असे. ते सगळं कशासाठी चाललं होतं हे मला आता कळलं.

समोरच्या वहिनी उठल्या. ती गादी त्यांनी तळव्याने दाबून पाहिली. बघू द्या, कशी हाय ती, म्हणाल्या, आणि पांढरी साडी सावरून, तसबिरीला हार घालून ती मांडीवर घेऊन, सरळ कॅरियरवर एका अंगाला बसल्या. मागचा शॉक जरासा दबला आणि थांबला. काकांनी हँडल धरलं आणि सायकल हळूहळू ढकलत दारातून बाहेर काढली.

आम्ही सगळे मागे निघालो. कोणी ठरवलं नव्हतं, पण सायकल बाहेर गेली तेव्हा आत बसून कोण राहणार? गल्लीतून ते सगळं कसं दिसलं असेल, याचा विचार करून मला आजही धसका बसतो. पुढे काका, सायकलवर वहिनी, त्यांच्या मांडीवर हार घातलेली तसबीर, आणि मागून पांढऱ्या कपड्यांतली माणसं गुपचूप चालताहेत. इस्त्रीवाल्याने इस्त्री खाली ठेवून हात जोडले. डेअरीवाल्याने अर्धं शटर ओढलं. कोपऱ्यावरून वळून आम्ही त्या पाण्याच्या लाइनच्या रस्त्याला लागलो. खणलेलं तेव्हाच बुजवलं होतं, पण बुजवल्यासारखं बुजवलं नव्हतं, खड्डे होतेच. पहिला आला, तेव्हा काकांनी मान न वळवता विचारलं, "दणका बसला?"

"नाय बसला," वहिनी म्हणाल्या.

पुढच्या खड्ड्याला परत विचारलं. दवाखान्याच्या वळणापर्यंत विचारत राहिले आणि वहिनी प्रत्येक वेळी तेवढंच म्हणत राहिल्या. वळणावर काका थांबले, हँडलवर डोकं टेकलं, आणि रडले. दोन वर्षांचं रडणं कसं असतं ते मी पाहिलं. वहिनी कॅरियरवरून उतरल्या नाहीत. हात लांबवून त्यांच्या पाठीवर ठेवला आणि तशाच बसून राहिल्या. परत आल्यावर मी चहा केला, सगळ्यांनी प्यायला. दूध पुरलं नाही म्हणून शेवटच्या काहींना कोरा दिला.

पुण्याची मुलगीही त्या ग्रुपवर होती; तो मेसेज वडिलांच्या फोनवरून दुसऱ्याच कोणी टाकलाय आणि वडीलच गेले, असं तिला वाटलं. मी फोनवर शपथा घेतल्या तेव्हा कुठे तिचा विश्वास बसला. रविवारी सकाळी ती आली. हातात मोठी बॅग होती, वडिलांचे कपडे भरायला आणलेली. हॉलमध्ये सायकल, सायकलमागे भिंतीवर आईची तसबीर. ती दारातच थबकली.

तेवढ्यात सेक्रेटरी आले. मेसेजमध्ये फोनने चूक केली होती हे मी त्यांना सांगून टाकलं होतं, आणि पलीकडच्या गल्लीतून अजून चौकशा येत होत्या. तर ग्रुपवर एक खुलासा टाका, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. काकांनी या वेळी चष्मा शोधला. एका बोटाने, एकेक अक्षर बघत, बराच वेळ टाइप केलं. आमचे सगळ्यांचे फोन वाजले.

'काल शॉक म्हणायचे होते. शोक पडले. तसेच राहू द्यावे.'

मुलीने ते वाचलं. मग परत वाचलं. वडिलांजवळ फरशीवर बसली आणि विचारलं, "काय राहू द्यायचं, बाबा?"

"मेसेज," काका म्हणाले. मग चष्मा काढून म्हणाले, "आई गेली गं. मी राहतो इथे."

संध्याकाळी ती परत निघाली. बॅग तिने रिकामीच नेली.